फेडरल कोर्ट (१९३७–१९५०) : संघराज्य न पाहिलेले संघराज्याचे न्यायालय

जुने_दप्तर (धागाकर्ता)

सर्वोच्च न्यायालयाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते, परंतु ज्या न्यायालयाच्या जागी ते उभे राहिले त्याचा उल्लेख बहुधा एका ओळीत संपतो : ‘पूर्वी दिल्लीत फेडरल कोर्ट होते.’ गेले काही महिने मी त्या न्यायालयाचे छापील निकाल क्रमाने वाचत आहे. जसजसे वाचत गेलो तसतसे वाटू लागले की ही एक ओळ त्या न्यायालयावर अन्याय करणारी आहे, आणि मराठी वाचकाने तर ती मुळीच मान्य करू नये, कारण त्याच्या पहिल्या आणि सर्वांत धाडसी निकालांचे धागे नागपूर आणि मुंबईपर्यंत येतात.

फेडरल कोर्टाचा जन्म १९३५ च्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया ॲक्टमधून झाला. ब्रिटिश प्रांत आणि देशी संस्थाने मिळून एक संघराज्य व्हावे, केंद्राने कोणत्या विषयांवर कायदे करायचे आणि प्रांतांनी कोणत्या, याच्या याद्या ठरवाव्यात आणि त्यावरून तंटा झाला तर तो सोडवण्यासाठी एक न्यायालय असावे, अशी ती योजना होती. त्यापूर्वी हिंदुस्थानातच एक अंतिम अपील न्यायालय असावे ही मागणी सर हरिसिंग गौर यांनी १९२१ पासून मध्यवर्ती विधिमंडळात मांडली होती, पण ती फेटाळली गेली होती. कायद्याच्या २०० व्या कलमाने एक सरन्यायाधीश आणि जास्तीत जास्त सहा इतर न्यायाधीश यांची तरतूद केली आणि १ ऑक्टोबर १९३७ रोजी न्यायालय अस्तित्वात आले. सर मॉरिस ग्वायर सरन्यायाधीश झाले; सर शाह मुहम्मद सुलेमान आणि मुंबईचे मुकुंद रामराव जयकर हे दोन न्यायाधीश झाले. ग्वायर यांच्याविषयी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या कायद्याचा अर्थ लावण्यासाठी त्यांना नेमले होते, त्याच्या मसुद्याचे काम त्यांनीच लंडनमध्ये पाहिले होते.

प्रांतांचा भाग १ एप्रिल १९३७ पासून अमलात आला. संघराज्याचा भाग मात्र कधीच अमलात आला नाही, कारण त्यासाठी पुरेशा संस्थानिकांनी सामील होण्याच्या करारावर सह्या करायला हव्या होत्या. त्या झाल्या नाहीत आणि सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच ती योजनाच बाजूला ठेवली गेली. त्यामुळे संघराज्य नाही आणि त्याचे न्यायालय मात्र आहे, अशी स्थिती निर्माण झाली आणि ती शेवटपर्यंत टिकली. न्यायालय बसत असे ते दिल्लीच्या गोलाकार संसद भवनातील नरेंद्र मंडळाच्या दालनात, म्हणजे ज्या राजेमहाराजांच्या सह्यांवाचून संघराज्य अडले, त्यांच्याच सभागृहात. पुढे सर्वोच्च न्यायालयही १९५८ पर्यंत त्याच दालनात बसले.

अधिकार बेताचे होते. केंद्र आणि प्रांत यांच्यातील दावा थेट येथे दाखल करता येई, पण न्यायालय केवळ हक्क जाहीर करू शके. उच्च न्यायालयाच्या निकालावर अपील येई ते फक्त एका दारातून : ‘या खटल्यात १९३५ च्या कायद्याच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न गुंतलेला आहे’ असा दाखला उच्च न्यायालयाने दिला तरच. तिसरा मार्ग म्हणजे गव्हर्नर जनरलने एखाद्या कायदेशीर प्रश्नावर मत मागवणे. आणि या सर्वांच्या वर लंडनची प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे साम्राज्याचे अंतिम अपील न्यायालय, होतीच.

पहिलेच प्रकरण या तिसऱ्या मार्गाने आले आणि ते मध्यप्रांत व वऱ्हाडचे होते. नागपूरच्या विधिमंडळाने १९३८ साली मोटारीचे पेट्रोल आणि वंगण यांच्या किरकोळ विक्रीवर शेकडा ५ दराने कर बसवला. दिल्ली सरकारचे म्हणणे असे की देशात तयार झालेल्या मालावरील अबकारी हा केंद्राचा विषय आहे आणि माल कारखान्यातून निघून ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत कोणत्याही टप्प्यावर घेतलेला कर हा अबकारीच होय. प्रांताचे म्हणणे असे की ‘मालाच्या विक्रीवरील कर’ अशी स्वतंत्र नोंद प्रांतांच्या यादीत आहे, आणि केंद्राचा अर्थ खरा मानला तर त्या नोंदीत काही उरतच नाही. तिन्ही न्यायाधीशांनी आपापली मते स्वतंत्रपणे लिहिली आणि तिघांनीही प्रांताच्या बाजूने कौल दिला. दोन्ही नोंदी एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्यात, एकीचा अर्थ इतका ताणू नये की दुसरी पोकळ होईल, हे सूत्र त्यांनी घालून दिले. राज्यघटना ही सजीव, वाढणारी वस्तू आहे आणि तिचा अर्थ ती मोडणार नाही, चालेल अशा रीतीने लावावा, हा ग्वायर यांचा विचारही याच मतात आहे.

आज पेट्रोलपंपावर आपण जी रक्कम देतो तिच्यात केंद्राचे उत्पादन शुल्क वेगळे आणि राज्याचा विक्रीवरील कर वेगळा असतो, कारण पेट्रोल अजून वस्तू व सेवा कराच्या कक्षेत आलेले नाही. ही फाळणी कायद्याच्या दृष्टीने प्रथम तपासली गेली ती नागपूरच्या त्या कायद्याच्या निमित्ताने. पुढच्याच वर्षी मद्रास प्रांताने सर्वसाधारण विक्रीकर आणला आणि १९४६ साली मुंबई प्रांतानेही आणला. प्रांतांच्या तिजोरीला हा आधार मिळाला याचे बरेचसे श्रेय मी या मताला देतो.

यापेक्षा मोठी गोष्ट मात्र युद्धकाळात घडली. भारत संरक्षण नियमांतील २६ व्या नियमाखाली हजारो माणसे खटल्याविना तुरुंगात होती. मुंबई सरकारने स्थानबद्ध केलेले केशव तळपदे हे त्यांपैकी एक. त्यांचा सुटकेचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयाने नाकारला, पण दाखला दिला, आणि प्रकरण दिल्लीला गेले. तेथे न्यायालयाने दोन शब्दसमूह शेजारी ठेवून पाहिले. मूळ कायदा म्हणत होता की विघातक कृत्ये केल्याचा ज्याच्यावर ‘वाजवी संशय’ आहे अशा माणसाला स्थानबद्ध करण्याचे नियम सरकारने करावेत. नियम २६ म्हणत होता की एखाद्याला विघातक वागण्यापासून रोखण्यासाठी स्थानबद्ध करणे आवश्यक आहे अशी सरकारची ‘खात्री’ झाली की पुरे. वाजवी संशयाला काहीतरी आधार लागतो आणि तो तपासता येतो. खात्रीला सरकारच्या मनापलीकडे काही लागत नाही. कायद्याने जेवढे दिले त्याहून नियमाने जास्त घेतले, म्हणून नियम २६ अवैध, असा निकाल २२ एप्रिल १९४३ रोजी ग्वायर, वरदाचारियार आणि जफरुल्ला खान यांनी दिला. ‘चले जाव’नंतरचे ते वर्ष होते. तीन दिवसांनी ग्वायर निवृत्त झाले, आणि २८ एप्रिलला व्हाइसरॉयच्या सरकारने वटहुकूम काढून कायद्यातील शब्दच मागील तारखेपासून बदलून टाकले.

लढाई ऐन भरात असताना, सरकारने नेमलेल्या तीन न्यायाधीशांनी सरकारच्या सर्वांत मोठ्या हत्याराची कायदेशीर पकड सोडवली, तीही देशभक्तीची भाषा न वापरता, केवळ कायद्यातील शब्द काटेकोरपणे वाचून. माझ्या दृष्टीने फेडरल कोर्टाची खरी ओळख ही आहे.

कायद्याची_विद्यार्थिनी

लेख मनापासून आवडला, पण एक शंका विचारते. वटहुकूम सहा दिवसांत आला, म्हणजे स्थानबद्ध तुरुंगातच राहिले. शिवाय १९४५ मध्ये शिबनाथ बॅनर्जी यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की तळपदे निकालच चुकीचा होता, कारण कायद्याच्या पहिल्या पोटकलमात नियम करण्याचा सर्वसाधारण अधिकार होता आणि ‘वाजवी संशय’ असलेले दुसरे पोटकलम केवळ उदाहरणादाखल होते. विशेष फौजदारी न्यायालयांचा वटहुकूम फेडरल कोर्टाने १९४३ मध्ये अवैध ठरवला, तोही निकाल प्रिव्ही कौन्सिलने फिरवला. मग ज्याचे महत्त्वाचे निकाल वर जाऊन उलटले, त्या न्यायालयाला एवढे मोठेपण देणे कितपत योग्य आहे?

जुने_दप्तर

आपली शंका रास्त आहे आणि दोन्ही तपशील बरोबर आहेत. निकालाने तळपदे यांची किंवा इतरांची तुरुंगातून सुटका झाली असे मी म्हणणार नाही. न्यायालयाच्या रचनेतच ती दुर्बलता होती : अपील मान्य केले तरी फेडरल कोर्ट स्वतः अंतिम हुकूम काढत नसे, आपला निर्णय जाहीर करून प्रकरण मूळ उच्च न्यायालयाकडे परत पाठवत असे.

पण उलटलेला निकाल निष्फळ ठरतोच असे नाही, आणि याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण राजद्रोहाच्या कायद्याचे आहे. १९४१ च्या ढाक्यातील दंगलींनंतर बंगालचे विधिमंडळ सदस्य निहारेंदु दत्त मजुमदार यांनी सरकारवर कडक टीका करणारे भाषण केले आणि त्यांना शिक्षा झाली. १९४२ मध्ये फेडरल कोर्टाने ती रद्द केली. ग्वायर यांच्या म्हणण्याचा आशय असा की सरकारच्या दुखावलेल्या अहंकाराला मलम लावण्यासाठी राजद्रोह हा गुन्हा ठरवलेला नाही. सार्वजनिक शांतता भंगणे किंवा ती भंगण्याची वाजवी शक्यता असणे हा या गुन्ह्याचा गाभा आहे. केवळ जळजळीत शब्द पुरेसे नाहीत.

१९४७ मध्ये हाच मुद्दा मुंबईच्या सदाशिव नारायण भालेराव यांच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलसमोर गेला. तेथे ग्वायर यांचा अर्थ नाकारला गेला आणि त्यासाठी आधार कोणता घेतला, तर लोकमान्य टिळकांच्या १८९७ च्या खटल्यातील न्यायमूर्ती स्ट्रॅची यांचा ज्युरीला केलेला उपदेश! सरकारविषयी वैरभाव चेतवण्याचा प्रयत्न केला की गुन्हा झाला, दंगा झाला की नाही हे पाहण्याची गरज नाही, हा तो अर्थ. स्वातंत्र्य दारात उभे असताना पन्नास वर्षांपूर्वीचा टिळकांवरचा अर्थ लंडनहून पुन्हा कायम केला गेला, हे वाचताना आजही मन अस्वस्थ होते.

पुढे १९६२ साली केदारनाथ सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर हे दोन्ही अर्थ आले. न्यायालयाने प्रिव्ही कौन्सिलचा अर्थ सोडला आणि फेडरल कोर्टाचा स्वीकारला, कारण त्याखेरीज ते कलम भाषणस्वातंत्र्याच्या हक्काशी जुळत नव्हते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाखालील कारवाया स्थगित ठेवीपर्यंत साठ वर्षे न्यायालयांतून तोच अर्थ उद्धृत होत राहिला. पोलिसांनी तो कितपत पाळला हा निराळा प्रश्न आहे, पण बचावाच्या वकिलाच्या हाती जे वाक्य होते ते १९४२ चे होते.

वऱ्हाडी_वाचक

पेट्रोलच्या कराची हकिगत आमच्या घरात कोणी कधी सांगितली नव्हती, त्याबद्दल आभार. एक पुरवणी जोडतो. केंद्राची बाजू तेव्हा दुबळी होती असे समजू नये. ‘अबकारी’ या शब्दाचा इंग्रजी कायद्यातील वापर खरोखरच पसरट होता. शब्दकोशातील अर्थाने पाहिले तर केंद्र जिंकले असते, यादीतील जागेने पाहिले म्हणून प्रांत जिंकला. १९४२ मध्ये मद्रास प्रांत विरुद्ध बोड्डु पैडण्णा या खटल्यात हाच विचार एक पाऊल पुढे गेला : माल तयार करणाऱ्यानेच केलेली पहिली विक्री असली तरी तिच्यावरचा कर हा विक्रीचाच, कारण तो विक्री झाल्यामुळे लागतो, माल तयार झाल्यामुळे नाही. कारखानदाराने माल तयार करून स्वतःच वापरला तर अबकारी लागेल, विक्रीकर लागणार नाही, इतका हा फरक साधा आहे.

गिरगावकर

जयकरांचा उल्लेख फार थोडक्यात झाला. मुंबईतील नामांकित बॅरिस्टर, गोलमेज परिषदांना गेलेले, गांधी-आयर्विन करारात सप्रूंच्या बरोबरीने मध्यस्थी केलेले असे ते गृहस्थ होते. फेडरल कोर्टात ते दोन वर्षेही नव्हते; १९३९ मध्ये त्यांना प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर घेतले गेले. पुण्याच्या वाचकांना ते आठवतात ते विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून, आणि जयकर ग्रंथालयाच्या नावामुळे. त्या ग्रंथालयात बसून अभ्यास केलेल्या किती जणांना ठाऊक असेल की हे जयकर फेडरल कोर्टाचे पहिल्या दिवसापासूनचे न्यायाधीश होते?

जुने_दप्तर

आपण चांगली आठवण करून दिलीत. जयकरांच्या आयुष्यातील एक प्रसंग मला या न्यायालयाशी जोडून पाहावासा वाटतो. डिसेंबर १९४६ मध्ये संविधान सभेत नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला, तेव्हा मुस्लिम लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी येईपर्यंत तो पुढे ढकलावा अशी दुरुस्ती जयकरांनी सुचवली. सभेला ती रुचली नाही, डॉ. आंबेडकरांनी मात्र आपल्या त्या प्रसिद्ध भाषणात जयकरांच्या सूचनेचा गांभीर्याने विचार व्हावा असे सांगितले. घटक येण्याआधीच संघराज्याची इमारत उभारली की काय होते, हे जयकरांनी नरेंद्र मंडळाच्या त्या दालनात न्यायासनावर बसून पाहिले होते. त्यांच्या सूचनेमागे हा अनुभव असावा, असे माझे मत आहे.

डॉ. आंबेडकरांचे या विषयातील मत वेगळ्या दिशेने गेले होते, तेही नोंदवतो. २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्यात गोखले संस्थेच्या कार्यक्रमात त्यांनी १९३५ च्या संघराज्य योजनेची सविस्तर चिरफाड केली. निवडून आलेले प्रांत आणि एकतंत्री संस्थाने यांना एका जुवाला जुंपल्याने लोकांचे स्वातंत्र्य वाढणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. संघराज्य आले नाही याचे त्यांना दुःख असण्याचे कारण नव्हते. पण त्या योजनेतील न्यायालयाची रचना मात्र त्यांनी पुढे संविधानात मोठ्या प्रमाणावर ठेवली.

दूरदेशी

फाळणीबरोबर या न्यायालयाचीही वाटणी झाली, तो भाग येथे यायला हवा. जून १९४७ मध्ये फेडरल कोर्टातून बाहेर पडलेले जफरुल्ला खान पाकिस्तानचे पहिले परराष्ट्रमंत्री झाले. पाकिस्ताननेही आपल्या वरिष्ठ न्यायालयाचे नाव फेडरल कोर्ट असेच ठेवले आणि ते १९५६ पर्यंत टिकले. गव्हर्नर जनरलने संविधान सभाच बरखास्त केली, तेव्हा तिचे अध्यक्ष मौलवी तमीजुद्दीन खान न्यायालयात गेले. सिंधच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण मार्च १९५५ मध्ये मुहम्मद मुनीर यांच्या फेडरल कोर्टाने चार विरुद्ध एक मतांनी तो फिरवला. कायद्यांना गव्हर्नर जनरलची संमती नव्हती या तांत्रिक मुद्द्यावर. विरोधी मत एकट्या कॉर्नेलियस यांचे होते. नाव आणि वारसा एकच असून एका न्यायालयाने शब्द काटेकोर वाचून सत्तेला अडवले आणि दुसऱ्याने शब्द काटेकोर वाचून सत्तेला वाट करून दिली. म्हणून काटेकोर वाचनाला तळपदे निकालाचे सगळे श्रेय देताना थोडे थांबावे, असे सुचवतो.

जुने_दप्तर

आपला आक्षेप मी मान्य करतो आणि त्याला भारतातलेच एक उदाहरण जोडतो. हरिलाल कानिया हे १४ ऑगस्ट १९४७ पासून फेडरल कोर्टाचे सरन्यायाधीश आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाचे पहिले सरन्यायाधीश. १९५० मधील ए. के. गोपालन खटल्यात त्यांच्या न्यायालयाने व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्कही शब्दशः आणि संकुचित अर्थाने वाचला, आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा जवळजवळ सगळाच टिकला. शब्दनिष्ठेची तीच सवय तेथे नागरिकाच्या विरुद्ध गेली. तेव्हा ग्वायर यांचे वेगळेपण शब्दनिष्ठेत नव्हते असे मी आता म्हणेन. संशयाचा फायदा कोणाला द्यायचा, कोठडीतल्या माणसाला की त्याला कोठडीत घालणाऱ्याला, हे त्यांच्या मनात स्पष्ट होते.

शेवटच्या काळाचा तपशील राहिला होता तो देतो. १९४७ च्या अखेरीस केलेल्या कायद्याने फेडरल कोर्टाची कक्षा वाढली आणि १ फेब्रुवारी १९४८ पासून मोठ्या रकमेची दिवाणी अपिले लंडनऐवजी दिल्लीला येऊ लागली. सप्टेंबर १९४९ मध्ये कायदामंत्री डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत प्रिव्ही कौन्सिलचा अधिकार संपवणारे विधेयक मांडले आणि १० ऑक्टोबर १९४९ पासून तो कायदा लागू झाला. म्हणजे ज्या न्यायालयाने बारा वर्षे लंडनच्या सावलीत काम केले, ते साडेतीन महिन्यांपुरते या देशातले खरे वरिष्ठ न्यायालय झाले.

२६ जानेवारी १९५० रोजी ते संपले. अनुच्छेद ३७४ ने त्याचे न्यायाधीश सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि पडून असलेली सर्व प्रकरणे तिकडे वर्ग झाली.

कायद्याची_विद्यार्थिनी

न्यायालयाची रचना संविधानात मोठ्या प्रमाणावर ठेवली गेली असे आपण म्हणालात, म्हणून १९३५ चा कायदा आणि संविधान हे दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले. १९३५ च्या कायद्यातील कलम २१२ (निर्णय इतर न्यायालयांवर बंधनकारक) म्हणजे आजचा अनुच्छेद १४१, कलम २१३ (कायदेशीर प्रश्नावर मत मागवणे) म्हणजे १४३, आणि कलम २१० मधील तरतूद (इतर अधिकाऱ्यांनी न्यायालयाला साहाय्य करणे) म्हणजे १४४. २१२ मध्ये फेडरल कोर्टाबरोबर प्रिव्ही कौन्सिलच्याही निर्णयांना बंधनकारक म्हटले होते, १४१ मध्ये तो भाग गळला आहे. उच्च न्यायालयाच्या दाखल्याचे ते अरुंद दारही अनुच्छेद १३२ मध्ये जसेच्या तसे दिसते. फक्त त्याच्या शेजारी १३६ चे रुंद दार नव्याने काढले आहे, ज्यातून कोणाच्याही दाखल्याविना सर्वोच्च न्यायालयाची परवानगी मागता येते.